साबणाच्या जाहिरातीतला पहिला चेहरा

हरिहरेश्वरला गेलं की आम्ही नेहमी एकाच घरी उतरतो. देवळापासून चालत दहा मिनिटांवर नारळी-पोफळीची वाडी, पुढे पडवी, मागे विहीर आणि आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर जेवायला उकडीचे मोदक. यंदा मे महिन्यात गेलो तेव्हा ओहोटी सकाळी लवकर होती. देवळामागच्या टेकडीवरून पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेकडेनं प्रदक्षिणा घालायची ती ओहोटीलाच, त्यामुळे सगळे भल्या पहाटे निघाले. घरातली नात मात्र मागे राहिली. गेल्या वर्षीपर्यंत आमच्या पुढे खडकांवरून उड्या मारत जाणारी ही पोर यंदा न्हाणीघरातल्या आरशापुढून हलेना. कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडे मुरमं.

न्हाणीघरातल्या फळीवर ओळीनं नऊ ट्यूबा आणि बाटल्या होत्या. मी मोजल्या. फेसवॉश, दाणेदार स्क्रब, टोनर, सिरम, कोळशाचा मास्क, गोरं करणारं क्रीम आणि असंच काही. सुटीत पर्यटकांच्या पंगतीत वाढप करून तिला जे पैसे मिळाले होते ते या फळीवर गेले होते. आजींचं म्हणणं वेगळंच. त्यांच्या मते लिंबू चोळावं, हळद लावावी आणि ही बाजारातली थेरं विहिरीत टाकावीत. पोरगी बिचारी दोन्ही करत होती. सकाळी सिरम, दुपारी लिंबू.

दुपारी जेवणं झाल्यावर टीव्हीवर ‘गाइड’ लागला होता. देव आनंदची आई घर सोडून निघते त्या प्रसंगाला आजी एकदम म्हणाल्या की ही बाई एके काळी साबणाच्या जाहिरातीत होती, आपल्याकडची पहिलीच. नात हसायलाच लागली. पांढऱ्या साडीतली, थकलेली, डोळे पुसणारी ही आई आणि सौंदर्य साबण? तिला ते खरंच वाटेना. पण आजींचं बरोबर होतं. ती बाई म्हणजे लीला चिटणीस. त्या दुपारी पडवीत बसून मी त्या पोरीला जे सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडते.

लीलाबाई माहेरच्या नगरकर. जन्म १९०९ सालचा, धारवाडचा. वडील इंग्रजीचे प्राध्यापक, घरातलं वातावरण ब्राह्मो विचारांचं, जातपात न मानणारं. पण एवढ्या पुढारलेल्या घरातल्या मुलीचंही लग्न पंधरा-सोळाव्या वर्षीच झालं. नवरा डॉक्टर, गजानन यशवंत चिटणीस, वयानं बराच मोठा. नवराबायको दोघंही स्वातंत्र्याच्या चळवळीकडे ओढलेले. मानवेंद्रनाथ रॉय यांना त्यांनी घरात आसरा दिला होता. पकडले गेले असते तर तुरुंगच. लागोपाठ चार मुलगे झाले. मग संसार मोडला आणि घटस्फोट झाला. तो काळ डोळ्यांपुढे आणा. विशी-पंचविशीतली बाई, चार लहान मुलं आणि पोट भरायची जबाबदारी एकटीवर. पदवी हाताशी होती म्हणून त्या शाळेत शिकवू लागल्या. शिकवता शिकवता नाटकात कामं करायला लागल्या.

‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनं तेव्हा मराठी रंगभूमीवर इब्सेनच्या वळणाची नवी नाटकं आणायला सुरुवात केली होती. ‘उसना नवरा’ हे १९३४ सालचं नाटक, त्यात लीलाबाईंचं काम होतं. पुढे स्वतःची मंडळी जमवून त्यांनी ‘उद्याचा संसार’ही केलं. नाटक म्हणजे चेहरा रंगवणं आलंच. त्या काळी रंगपटात सफेदा आणि हिंगूळ तेलात कालवून लावत, नाहीतर परदेशी ग्रीसपेंटच्या कांड्या वापरत. ग्रीसपेंट काढणारा लुडविग लाइखनर हा जर्मनीतला ऑपेरा गायक. सुट्टी भुकटी घामानं ओघळायची, म्हणून त्यानं १८७३च्या सुमारास चरबीत घोटलेला रंग तयार केला. रंग टिकला, पण तो चेहऱ्यावर जाड थरानं बसायचा, आणि उतरवायला पुन्हा तेल नाहीतर कोल्ड क्रीम. म्हणजे दिवसातून दोनदा चेहऱ्याची छिद्रं तेलानं बुजवायची.

इथे मी पोरीला थांबवून मुरमाची गोष्ट सांगितली, कारण तिला वाटत होतं की तिचा चेहरा ‘अस्वच्छ’ आहे. आपल्या त्वचेत केसाच्या मुळाशी तेलाची एक बारीक ग्रंथी असते. वयात येताना पुरुषी संप्रेरकं वाढतात, ती मुलींच्याही शरीरात असतात, आणि ग्रंथी जास्त तेल करायला लागते. वर येणाऱ्या वाटेत मृत पेशींचं बूच बसतं, आत तेल साठतं, तिथे एरवीही राहणारे जंतू वाढतात आणि मग लाल, दुखरी पुटकुळी. नाकावर जे काळे ठिपके दिसतात तो मळ नसतो. बुचाचं तोंड उघडं राहिलं की त्यातल्या रंगद्रव्यामुळे आणि हवा लागून ते काळं दिसतं. मळ नाही म्हणूनच ते कितीही घासलं तरी निघत नाही. उलट दाणेदार स्क्रबनं घासलं की सुजलेल्या जागा आणखी चिडतात. हे ऐकून तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा, की मग आपण इतके दिवस रोज दोनदा घासत होतो त्याचं काय? मी गप्प राहिले.

तर लीलाबाई. त्यांची सिनेमातली सुरुवात अगदी साधी झाली. सागर मूव्हीटोनमध्ये त्या एक्स्ट्रा होत्या, म्हणजे घोळक्यातली एक. मग १९३६ साली मास्टर विनायकांच्या ‘छाया’त त्या चमकल्या, त्याची कथा वि. स. खांडेकरांची. १९३७च्या ‘जंटलमन डाकू’त त्यांनी पुरुषी वेशातली चोर रंगवली. त्या वेळी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत त्यांचा गाजावाजा झाला तो महाराष्ट्रातून पडद्यावर आलेली पहिली पदवीधर, प्रतिष्ठित घरची स्त्री म्हणून. सिनेमात काम करणाऱ्या बाईकडे समाज कसा बघायचा, ते त्या जाहिरातीतून कळतं. बाईंची पदवीसुद्धा तिकीट खपवायच्या कामी आली. पोटासाठी आलेल्या बाईनं ते चालवून घेतलं असेल तर त्यात मला काही वावगं वाटत नाही.

नाव झालं ते बॉम्बे टॉकीजमध्ये. मालाडचा हा स्टुडिओ हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली उभा केला होता, बरेच तंत्रज्ञ जर्मन. १९३९ साली ‘कंगन’ आला, नायक अशोककुमार. मग १९४०चा ‘बंधन’, १९४१चा ‘झूला’, सगळे चालले. आतापर्यंत जिथे देविका राणी असायच्या तिथे लीला चिटणीस दिसू लागल्या. डोळ्यांनी कसं बोलावं हे आपण या बाईंकडून शिकलो, असं अशोककुमार नंतर सांगत.

पडद्यावरचा तो नितळ चेहरा कसा दिसायचा, याचंही एक शास्त्र आहे. सुरुवातीच्या सिनेमाच्या फिल्मला लाल रंग कळतच नसे, लाल ते सगळं काळं उमटे. म्हणजे गालावरची साधी लाली किंवा एखादं मुरूम पडद्यावर काळा डाग होऊन यायचं. म्हणून चेहऱ्यावर लेप चढवत. पुढे सगळे रंग ओळखणारी फिल्म आली, दिवे बदलले आणि मॅक्स फॅक्टरनं १९३०च्या दशकाच्या अखेरीस ओल्या स्पंजानं लावायचा पॅनकेक काढला. तो पातळ बसे, चमकत नसे आणि सगळं झाकत असे. वरून कॅमेऱ्याच्या भिंगापुढे तलम कापड धरायचं, दिवा नेमक्या कोनातून टाकायचा. आज मोबाइलमध्ये जे एका बोटानं होतं, त्यासाठी तेव्हा पाच-सहा माणसं लागायची, एवढाच फरक.

आणि मग १९४१. लक्स हा साबण अमेरिकेत १९२०च्या दशकात आला होता आणि हॉलिवूडच्या नट्या हीच त्याची जाहिरात होती. हिंदुस्थानात या साबणासाठी जी पहिली भारतीय तारका निवडली गेली ती लीला चिटणीस. पुढे किती नट्या त्या रांगेत आल्या ते तुम्हाला माहीतच आहे. पण पहिल्या चेहऱ्याचा हिशेब एकदा करून बघा. तेव्हा बाईंचं वय बत्तिशीच्या आसपास, घटस्फोटित, चार मुलग्यांची आई. आपल्याकडे सौंदर्य साबणाचा पहिला चेहरा कुठल्या सोळा वर्षांच्या परीचा नव्हता. तो घर चालवणाऱ्या एका बाईचा होता.

मला यात आणखी एक गोष्ट दिसते. सतराव्या वर्षी मुरमं असणं हा जवळजवळ नियम आहे, आणि तिशीपर्यंत ती बहुतेकींची आपोआप कमी होतात. काहींची नाही होत, तो भाग वेगळा. म्हणजे बत्तिशीचा चेहरा, वर पॅनकेक, वर दिवे. तो बघून सतरा वर्षांची मुलगी साबण आणणार आणि रोज आरशात तुलना करत बसणार. यात साबणाचा गुण कुठे आणि दोष कुठे?

साबणाबद्दल आता जे कळलं आहे ते सांगायला हवं. आपल्या त्वचेचा वरचा थर किंचित आंबट असतो, पीएच पाचच्या आसपास. नेहमीचा साबण, मग तो कुठल्याही कागदात गुंडाळलेला असो, अल्कधर्मी, पीएच नऊ-दहा. त्यानं तेल निघतं तसं त्वचेचं संरक्षक आवरणही ओरबाडलं जातं, चेहरा ताणल्यासारखा होतो आणि बऱ्याचजणी त्यालाच स्वच्छ समजतात. जर्मनीत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुरमं येऊ लागलेल्या तरुण मुलामुलींचे दोन गट केले होते. एका गटाला साधा साबण, दुसऱ्याला साबण नसलेली आम्लधर्मी वडी. तीन महिन्यांनी साबणवाल्यांची मुरमं वाढली होती, दुसऱ्यांची कमी झाली होती. साबण विष आहे असं यातून निघत नाही. मुरमांवर तो औषध नाही, एवढं मात्र निघतं.

लीलाबाईंची नायिकेची वर्षं फार नव्हती. स्वतःचा पैसा घालून त्यांनी १९४२ साली ‘किसी से न कहना’ची निर्मिती केली. पण नव्या मुली येत होत्या. १९४८ साली ‘शहीद’ आला आणि त्यात त्या दिलीपकुमारची आई झाल्या. दिलीपकुमार त्यांच्याहून फार तर तेरा वर्षांनी लहान. १९५१च्या ‘आवारा’त राज कपूरची आई. त्यातल्या पात्राचं नावही लीलाच. १९६१चा ‘गंगा जमना’, १९६५चा ‘गाइड’. हिंदी सिनेमातली सोसणारी, शिवणयंत्रावर वाकलेली, खोकणारी आई पुढे ठरून गेली, तिचा साचा घडवणाऱ्यांत लीलाबाई आघाडीवर होत्या. एकोणचाळिशीच्या आत केस पांढरे रंगवून घेणं कुठल्या नायिकेला आवडेल? पण नायिकेचा चेहरा त्यांना जेमतेम दहा वर्षं पुरला आणि आईचा चेहरा जवळजवळ चाळीस. १९५५ साली त्यांनी ‘आज की बात’ हा सिनेमा दिग्दर्शितही केला. तेव्हा कॅमेऱ्यामागे उभ्या राहणाऱ्या बायका बोटावर मोजण्याइतक्या होत्या. त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. साबणाबद्दल बोलतात.

पोरीचा दुसरा प्रश्न सरळ होता. या नऊ बाटल्यांनी मुरमं जातात की येतात? दोन्ही, असं उत्तर द्यावं लागलं. १९७२ साली अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन आणि ऑटो मिल्स या दोघांनी एका प्रकारच्या मुरमांना ‘अ‍ॅक्ने कॉस्मेटिका’ असं नाव दिलं, म्हणजे प्रसाधनांमुळे येणारी मुरमं. वयात येण्याचा काळ उलटलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर बारीक पुटकुळ्या टिकून राहतात, त्यामागे रोज लावली जाणारी क्रीमं असतात असं त्यांनी दाखवलं. (हे क्लिगमन मोठे शास्त्रज्ञ, पण फिलाडेल्फियाच्या तुरुंगातल्या कैद्यांवर त्यांनी जे प्रयोग केले त्यांचा डाग त्यांच्या नावावर कायमचा आहे. त्वचेच्या डागांपेक्षा तो मोठा.) कपाळाच्या कडेनं केसांना चोपडलेल्या तेलामुळे येणाऱ्या पुटकुळ्याही त्याच सुमारास नोंदल्या गेल्या. आपल्याकडे खोबरेल थापून वेणी घालणाऱ्या मुलींच्या कपाळावर बघा. डबीवर ‘छिद्रं बुजवत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द असतो, पण तो छापण्यासाठी कायद्यानं ठरवलेली कुठलीही परीक्षा नाही.

फळीवरच्या नऊपैकी मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या गोरं करणाऱ्या क्रीमची. मागच्या बाजूला बारीक अक्षरात स्टिरॉइडचं नाव होतं. असल्या क्रीमनं पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मुरमंही दबतात. म्हणूनच मैत्रीण मैत्रिणीला ते सुचवते. थांबवलं की दुप्पट उसळतात, त्वचा पातळ होते, उन्हात जळजळते, बारीक शिरा दिसतात. भारत सरकारनं २०१८ साली अशी अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी ती खेड्यापाड्यातल्या दुकानांपर्यंत पोचतातच. आणि ती एकदम बंदही करू नयेत, डॉक्टरांना दाखवूनच सोडावीत.

आजींचं लिंबूही सुटलं नाही. लिंबाचा रस लावून समुद्रकाठच्या मे महिन्यातल्या उन्हात गेलं तर त्वचा भाजते आणि काळे चट्टे महिनोन्‌महिने राहतात. घरचं आहे म्हणजे निरुपद्रवी, हे काही खरं नाही. आजी त्यावर बराच वेळ माझ्याशी बोलल्या नाहीत.

उपयोगी पडतात त्या गोष्टी कमी आहेत आणि दिसायला अगदी रुक्ष. बेंझॉइल पेरॉक्साइड, त्यातही अडीच टक्क्यांचं पुरतं, जास्त टक्क्यांचं फक्त जास्त कोरडं करतं. अ‍ॅडापलीन, रात्री, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्यावर, मात्र गरोदरपणी नाही. हलकं मॉइश्चरायझर, जेलसारखं सनस्क्रीन. आणि दोन ते तीन महिने धीर, कारण त्याआधी फरक दिसत नाही. बहुतेकजणी तिथेच हरतात. पंधरा दिवसांत दहावी बाटली येते. मुरमं मोठी, दुखरी, खड्डे पाडणारी असतील तर मलमावर वेळ घालवू नये, त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. ते पोटात घ्यायची औषधं देतात.

लीलाबाईंचं आत्मचरित्र ‘चंदेरी दुनियेत’ १९८१ साली आलं. शेवटचा सिनेमा १९८७चा. मग त्या मुलांपाशी अमेरिकेला गेल्या. कनेटिकट राज्यातल्या डॅनबरी या गावी, एका नर्सिंग होममध्ये, जुलै २००३ मध्ये त्यांचं निधन झालं. वय त्र्याण्णव. पडद्यावरच्या मुलांपैकी दिलीपकुमार आणि देव आनंद तेव्हा हयात होते. त्या नर्सिंग होममध्ये त्यांच्या आजूबाजूला जी माणसं होती, त्यांतल्या किती जणांना ही बाई कोण हे ठाऊक असेल?

‘गाइड’ संपला तेव्हा पोरीनं मोबाइलवर ‘कंगन’मधला एक तुकडा शोधून काढला. दोन बोटांनी चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला. शेवटी पडद्यावर नुसते करडे ठिपके उरले. मग ती उठून विहिरीवर पाणी काढायला गेली, चेहऱ्याला ओढणी न गुंडाळता.

श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी तिला पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी नऊच्या तीन बाटल्या केल्या, आणि ते क्रीम हळूहळू सोडवलं. परवा आजींचा फोन आला होता. मुरमं निम्मी झाल्याचं त्यांनी ओझरतं सांगितलं. मुख्य तक्रार वेगळी होती. त्या नव्या मलमानं घरातल्या दोन चांगल्या टॉवेलांचा आणि एका अभ्र्याचा रंग उडाला होता, आणि हे मी आधी का सांगितलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.